आधी कडा बघा

“आधी कडा बघा. तोंड कुठं पळून जात नाही.” कॅमेरा हाती दिला की भाऊ हेच म्हणायचे. चाळीसगावला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ होता. नव्वदच्या आसपास मला फोटोचं वेड लागलं आणि मी त्यांच्यामागे शिकवा म्हणून लागलो.

तुम्ही पाहिलेले फोटोग्राफर ‘जरा हसा’ म्हणत असतील. भाऊंना हसण्याशी देणंघेणं नव्हतं. रोल न घालताच ते मला कॅमेऱ्यातून बघायला लावायचे आणि लगेच विचारायचे, डाव्या कडेला कोण होतं? मला सांगता यायचं नाही. वैतागून म्हटलं, रोल तरी घाला. म्हणाले, आधी बघायला शीक, रोल दुकानात विकत मिळतो.

माझ्या ताईच्या लग्नाचे फोटो भाऊंकडेच होते. वडील हयात नव्हते. विधवा आईनं मांडवात यायचं नाही, असं मोठ्या काकांनी ठरवून टाकलं होतं. लेकीच्या लग्नात ती मागच्या खोलीत विडे लावत बसली.

ग्रुप फोटोला सगळे उभे राहिले. भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला, दोन्ही कडा पाहिल्या आणि खाली घेतला. चिडले की ते अहिराणीवर यायचे.

“बठ्ठा उनात. पोरनी माय कोठे शे?”

काका म्हणाले, सगळे आलेत तेवढे पुरे, अपशकुन नको, तुम्ही तुमचं काम करा.

“हाईच मनं काम शे. बिगर माय फोटो नही.”

लेन्सवर झाकण लावून ते मांडवातच मांडी घालून बसले. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. मलाही जोर चढला. मी आत गेलो आणि आईला हाताला धरून आणलं. ती पदर ओढून कडेला उभी राहिली.

“अक्का, मझार या,” भाऊ म्हणाले, आणि आई मधे येऊन ताईशेजारी उभी राहिली. काका तणतणत निघून गेले. त्यांना मात्र भाऊंनी बोलावलं नाही.

काकांच्या गोतावळ्यानं मग भाऊंना लग्नांना बोलावणं बंद केलं. स्टुडिओ मिटला. भाऊ साक्रीकडे जाऊन आठवडे बाजारात फोटो काढू लागले. मी भेटलो तेव्हा मजेत होते. इथल्या बाया आपणहून मधे उभ्या राहतात, असं कौतुकानं सांगत होते. पुढच्या खेपेला गेलो तर भाऊ वारले होते. मला फार रडू आलं.

आई गेली तेव्हा तिचा तो एकच धड फोटो होता. गावातल्या नव्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला होता. तिथला माणूस म्हणाला, बाकीचे काढून आईंना एकट्यांना मोठं करून देतो. मी म्हटलं, एकही माणूस काढायचा नाही. आता अख्खं लग्न भिंतीवर आहे आणि हार त्यालाच घातलाय. जिवंत माणसांच्या फोटोला हार घालणं अभद्र, असं काका घरी येऊन सांगून गेले. मी दर सणाला ताजा हार आणतो.