ब्रिजची भोकं पाडताना भिणारे पद्माकरदादा

पद्माकरदादा वैतींची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या भीतीमुळे. गौरवग्रंथात असं लिहू नये, हे मला कळतं. पण समितीने पहिल्या भेटीबद्दल लिहायला सांगितलं, आणि त्या भेटीतलं मला दुसरं काही आठवत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी तेव्हा फर्निचरची कामं करणारा सुतार होतो. मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत दादांचा गिटारी बनवण्याचा गाळा होता, तिथे भिंतीला फळ्या ठोकायला गेलो होतो. दादा टेबलापाशी उभे होते. समोर लालभडक इलेक्ट्रिक गिटार, हातात ड्रिल. माझ्या तीन फळ्या ठोकून झाल्या तरी ते जागचे हलेनात. मला वाटलं, चक्कर येतेय की काय.

“शेठ, तब्येत बरी नाही का?”

“तब्येतीला काय झालंय? भीती वाटते रे. जरा ठोकाठोक थांबव.”

वेसाव्याच्या कोळीवाड्यात वाढलेला, पस्तिशीचा धिप्पाड गडी अनोळखी सुताराला सांगतो की भीती वाटते! मी हातोडी खाली ठेवली. पुढच्या महिन्यात फर्निचर सोडून त्यांच्याकडेच कामाला लागलो.

ज्यांनी गिटार फक्त वाजताना पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गिटारीच्या तारा वर गळ्याच्या टोकाशी एका पट्टीवर टेकतात, तिला नट म्हणतात. खाली त्या ब्रिजवर टेकतात आणि त्याच्या मागे टेलपीसमध्ये अडकवलेल्या असतात. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत, जेवढं अंतर, तेवढंच तिथून ब्रिजपर्यंत हवं. वर केसभर जास्त, कारण बोटाने दाबली की तार ताणली जाते. ब्रिजची जागा चुकली की गिटार जन्मभर बेसूर. टेलपीस चुकला तर तारा ब्रिजवर दाबून बसत नाहीत, नुसत्या झणझणतात. आणि आमच्या गाळ्यात ब्रिज नि टेलपीस बसवायची भोकं सगळ्यात शेवटी पडत. लाकूड कापलं, गळा बसवला, रंग चढला, महिनाभराची मेहनत झाली, की मग ड्रिल हातात घ्यायचं. तिथे चुकलं तर तोंड लपवायला जागा नाही.

म्हणून दादांनी एक शिस्त घालून घेतली होती. आधी शिसवी लाकडाचा कच्चा ब्रिज नुसता तारांखाली उभा करायचा, सूर जुळेपर्यंत पुढे-मागे सरकवायचा, मग खूण करायची. त्या दिवशी भोक पाडायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने नव्याने मोजायचं, आणि दोघांचं जमलं तरच ड्रिल. मी मनात हसायचो. एवढं भ्यायचं तर धंदा कशाला करायचा?

दोन वर्षांत मला शिंगं फुटली. त्याच सुमारास बोरीवलीच्या शैलाताई गिटार बनवून घ्यायला आल्या. ऑर्केस्ट्रात गिटारवर बाई, हे तेव्हा आम्ही पाहिलेलं नव्हतं. एका ऑर्केस्ट्राच्या मालकांनी त्यांना सांगितलं होतं, रविवारी सकाळी घाटकोपरला कार्यक्रम आहे, त्यात वाजवा, मग ठरवू. घरून एवढ्या एका कार्यक्रमापुरतीच परवानगी होती.

शुक्रवारी दादांच्या आईला बरं नव्हतं, म्हणून ते वेसाव्याला गेले. गिटार तयार होती, फक्त भोकं राहिली होती. मी ठरवलं, दादांना चकित करायचं. कच्चा ब्रिज वगैरे काही केलं नाही. टेपने मोजलं. आम्हा सुतारांची एक सवय असते. टेपचं टोक झिजून सैल झालेलं असतं, म्हणून पहिला सेंटीमीटर सोडून मोजायचं आणि शेवटी तो हिशेबात धरायचा. मी केसभर जास्तीचं अंतर आठवणीने घेतलं, त्याचा मला कोण अभिमान! सोडलेला सेंटीमीटर मात्र धरायचा विसरलो. ब्रिजची दोन भोकं पाडली आणि टेलपीसची खूण करायला पोलादी पट्टी लावली, तेव्हा कळलं, ब्रिजची भोकं सेंटीमीटरभर अलीकडे पडलीत. नवं भोक पाडावं तर ते जुन्यातच घुसणार. जुनं बुजवून डिंक पक्का वाळायला दोन दिवस हवेत, आणि कार्यक्रम परवा सकाळीच. त्या रात्री मी जेवलो नाही.

शनिवारी सकाळी दादा आले. मी सांगितलं. त्यांनी दोन्ही भोकांवरून बोट फिरवलं आणि स्टूल ओढून बसले.

“वाट लागली,” ते म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, “शैलाताईंना कोण सांगणार?”

“तुम्हीच सांगा ना, दादा.”

“भोकं कोणी पाडली?”

दुपारपर्यंत त्यांनी एका मोडक्या गिटारीचा, बुडाच्या कडेला स्क्रूने बसणारा टेलपीस काढून हिला लावला. कच्चा ब्रिज घासून भोकांच्या जरा मागे, योग्य जागी उभा केला आणि त्याच्या पायांशी खडूच्या बारीक रेघा मारल्या. सूर जुळले. पण ब्रिज कशालाच धरलेला नव्हता, केवळ तारांच्या दाबाने उभा होता.

चार वाजता शैलाताई आल्या. मीच सगळं सांगितलं. हात जोरात पडला तर ब्रिज सरकेल, हेही सांगितलं.

“म्हणजे उद्या माझी वाट लावणार तुम्ही?” त्यांचे डोळे भरून आले. “घरचे म्हणालेत, एकदाच. एकदाच, कळतंय का तुम्हाला?”

दादा म्हणाले, “ताई, ही नको असेल तर आत्ता जाऊन कोणाची तरी गिटार मागून आणतो. पाया पडेन, पण आणीन.”

शैलाताईंनी तासभर वाजवून पाहिलं. उठताना म्हणाल्या, “हीच नेते. पण तुम्ही दोघं विंगेत उभे राहायचं.”

रविवारी त्या विंगेत मी जेवढा भ्यालो तेवढा पुढे कित्येक वर्षं भ्यालो नाही. ड्रमचा प्रत्येक ठोका माझ्या बरगड्यांत बसत होता. तिसऱ्या गाण्यात सूर किंचित घसरला. शैलाताईंनी आमच्याकडे पाहिलं. दादांनी माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांत शैलाताईंनी तारा जराशा सैल केल्या, अंगठ्याने ब्रिज खडूच्या रेघेवर ढकलला, तारा पुन्हा लावल्या. हॉलमध्ये कोणाला कळलंही नाही. पुढची नऊ गाणी त्या हलक्या हाताने वाजवत राहिल्या.

मालकांनी त्यांना ठेवून घेतलं. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, “शनिवारी तालीम आहे. तोवर तुमची भोकं बुजवून द्या.” मग हसल्या. मी मात्र रडलो, सांगायला लाज कसली?

भोकं बुजली, डिंक वाळला, कच्च्या ब्रिजने सूर लागले, खूण झाली. दुसऱ्या दिवशी दादांनी मोजलं आणि ड्रिल माझ्यापुढे धरलं. मी दोन पावलं मागे सरलो. “दादा, नको. हात कापतोय.”

“माझा काय कापत नाय?” ते म्हणाले. “न भिणाऱ्याचं काम मी पाहिलंय, त्या शुक्रवारचं. आता तूच पाड.”

मी पाडली. दोन्ही बरोबर पडली.

ही गोष्ट दादांनी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. नवे कारागीर आले, गेले, आमचे खटकेही उडाले, पण भर रागातही त्यांनी माझा तो शुक्रवार काढला नाही. दुसऱ्या कोणाच्या हातची बिघडलेली गिटार दुरुस्तीला आली, तर “घाई असेल बिचाऱ्याला” एवढंच म्हणायचे. आज दादांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने मीच माझं पितळ उघडं पाडतो आहे.

आता ड्रिल माझ्याच हातात असतं. दादा खिडकीशी खुर्ची टाकून बसतात, पेपर वाचतात. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून दोन दिवस घरी बसवलं आहे. खरं सांगायचं तर या आजारपणाची मला घाटकोपरच्या विंगेपेक्षा जास्त भीती वाटते. दादांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना आहे, आणि तिच्यात माझा स्वार्थ आहे. ज्या दिवशी ती खुर्ची रिकामी असते, त्या दिवशी मी भोक पाडत नाही.