साबणाच्या डबीत मावेल तेवढंच

शांती नगरातल्या संध्या गवारे एका कचेरीत टायपिस्ट होत्या. त्र्याण्णव साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्या ऑफिसच्या गटाबरोबर पहिल्यांदाच डोंगर चढायला निघाल्या. लोकेशरावांनी काळजीपोटी बायकोपुढे सुरा, जाड दोर आणि मोठी बॅटरी आणून ठेवली.

"एवढं ओझं वाहणार कोण? साबणाच्या डबीत मावेल तेवढंच नेणार मी," संध्याताई म्हणाल्या.

मेणात बुडवलेल्या आगकाड्या, ब्लेड, सुईदोरा आणि गुळाचे खडे डबीत बसले. उरलेल्या जागेत आरसा ठेवायचा की शिट्टी, यावर त्या बराच वेळ अडल्या. "पावसाळ्यात ऊन कुठलं, आरसा चमकवायला?" असं म्हणत त्यांनी शिट्टी घेतली.

उतरताना धुकं दाटलं आणि गटापासून मागे पडून त्यांची वाट चुकली. धावत सुटावंसं वाटत होतं, पण त्या एका कातळाला टेकून बसल्या आणि थांबून थांबून तीन-तीनदा शिट्टी वाजवत राहिल्या. अर्ध्या तासाने हाक आली, "ताई, तिथंच थांबा, आम्ही येतोय!"

"घाबरलात का?" गटप्रमुखाने विचारलं.

"घाबरले ना! म्हणून तर सगळा गूळ संपवला."

पुढची सात वर्षं त्या दरवर्षी जात राहिल्या. तिसऱ्या वर्षी लोकेशरावांनीही बूट घेतले.