देवरावची राखण

देवरावच्या बायकोचा, वनितावैनीचा फोन आला तेव्हा मी मूल शहरातल्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होतो. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले," एवढंच ती बोलली. देवरावच्या छातीत दुखायला लागलं म्हणून गावातून गडचिरोलीला नेत होते, वाटेतच सगळं संपलं. आता काही आठवडे झाले, तरी माझा राग जात नाही. इतकी कसली घाई होती लेका तुला? मोह फुलायला जेमतेम महिना राहिला होता...

आमची ओळख गडचिरोलीच्या विद्यापीठातली, दोघंही एम.एस्सी.ला. मी राइस मिलच्या भुशात वाढलेला बडबड्या, तो जंगलातल्या गावचा गोंड पोरगा, अबोल. पहिल्याच आठवड्यात मेसकडे जाताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी खाली वाकलो, तर हा गडी माझ्याकडे पाठ करून उभा!

"काऊन रे, माह्या चपलेची लाज वाटून राह्यली का?"

"तू कर तुझं. मी पाहून राह्यलो," तो झुडपांकडे बघत म्हणाला.

कारण पुढे कधीतरी कळलं. त्याच्या आईला मोहाखाली फुलं वेचताना वाघानं नेलं होतं. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, म्हणून त्यांच्या गावात एकानं वेचायचं आणि दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून जंगलावर नजर ठेवायची, अशी रीत आहे. त्या पहाटे आईच्या राखणीला कोणी नव्हतं. त्यानंतर घरातलं कोणी त्या झाडाखाली गेलं नाही. एका घरचा मोह दुसरं घर वेचत नाही, त्यामुळे फुलं दरसाल तिथंच सडून जायची.

पीएच.डी.ला त्यानं विषय घेतला तो जाळीचा. मोहाखाली कमरेच्या उंचीवर बांबूंना जाळी ताणायची, म्हणजे फूल वरच्या वर झेललं जाईल आणि बाईला वाकावं लागणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण जाळीला झोळ पडायचा, तिथं फुलं साचून काळी पडायची, वाऱ्यानं दोऱ्या तुटायच्या. विद्यापीठातली बाकीची पोरं नोकरीच्या मागे, आणि हा प्रयोगशाळेत जाळीची वीण बदलत बसलेला. आम्ही त्याला 'कोळी' म्हणायचो. तो हसायचा आणि पुन्हा गाठ मारायला लागायचा.

मग त्यानं अशी चूक केली, की बाहेरच्या माणसाला ती चूक वाटलीही नसती. काम बघायला अनुदान देणारी समिती येणार होती. घाईघाईत त्यानं गावच्या मोहांखाली जाळ्या बांधल्या, आणि मोहाची पूजा अजून व्हायची होती. पहिलं फूल देवाला चढल्याशिवाय तिथं कोणी झाडाखाली हात पुढे करत नाही. त्याला लहानाचं मोठं करणारी सोमीआत्या उठली, सगळ्या जाळ्या सोडल्या आणि त्याच्याच अंगणात आणून टाकल्या. "देवानं अजून फूल पाह्यलं नाई, अन् तू पाहुण्यायले दाखवून राह्यला? शिकून आला का भुलून आला?" समिती मोकळी झाडं बघून परत गेली. पैसे थांबले. गाइड म्हणाले, दुसरं गाव बघ. मीही तेच म्हटलं.

"दुसऱ्या गावात माही माय नाई गेली," तो म्हणाला.

तो वर्षभर थांबला. पुढच्या साली पूजा होऊ दिली आणि एकच जाळी बांधली, आईच्या झाडाखाली. सकाळी गाव लांबच उभं होतं. आत्या एकटीच पुढं झाली, उभ्या उभ्या जाळीतून ओंजळ भरली. फुलांना माती नाही, पाला नाही. ती हुंगता हुंगता मोठ्यानं रडायला लागली. "असं असतं, तं तुही माय वाकली नसती रे..." त्या मोसमात बायकांनीच त्याच्याकडे जाळ्या मागितल्या. आज आजूबाजूच्या कितीतरी गावांत त्या दिसतात.

विद्यापीठानं माजी विद्यार्थी मेळाव्यात त्याचा सत्कार केला. शाल घालताना ती प्रमुख पाहुण्यांच्या हातून निसटली. पाहुणे उचलायला वाकले, आणि देवराव पटकन त्यांच्याकडे पाठ करून पडद्याकडे बघत उभा! सभागृह खो खो हसलं. बिचारा गांगरला, असं लोकांना वाटलं. मीही हसलो, आणि मग मेसच्या वाटेवरची ती तुटकी चप्पल आठवली.

परवा मोहाची पूजा झाली. वैनीनं बोलावलं म्हणून गेलो. त्या झाडाखाली यंदाची जाळी तिनं आणि आत्यानं ताणली होती. बुंध्याशी आईच्या नावाचा दगड, आता त्याच्या शेजारी देवरावचा. मी फूल ठेवायला वाकलो आणि जरा वेळ तसाच राहिलो. मान वळवून पाहिलं, तर वनितावैनी माझ्याकडे पाठ करून जंगलाकडे बघत उभी होती.

"वैनी, अख्खं गाव आहे ना इथी. आता कशाले?"

तिनं वळून पाहिलं नाही.

"तुम्ही करा तुमचं, भाऊजी. मी पाहून राह्यली."