क्लिफर्डचे पुढचे दोन दात

क्लिफर्ड सग्डन आमच्या थॉर्नक्लफच्या बँडमध्ये एकतीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसून कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवायचा. पहिली खुर्ची म्हणजे सोलो, एकट्यानं वाजवायचा भाग, आणि सोलोवाल्याच्या मिजाशीला यॉर्कशरच्या या खोऱ्यात कुणी नावं ठेवत नाही. पोटासाठी तो बस चालवायचा, पण गावात त्याची ओळख कॉर्नेटवाला हीच. मी मागच्या रांगेत बसते, त्यामुळे त्याची मान मला त्याच्या बायकोपेक्षाही जास्त पाठ आहे.

बायको बेरिल. तो झोपेत करकरा दात खातो, अशी तिची जुनी तक्रार होती आणि तो ती हसण्यावारी न्यायचा. मग एप्रिलात एका सकाळी साधा टोस्ट खाताना त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. कॉर्नेटवाल्याचा ओठ त्या दोन दातांच्या आधारावर असतो. कवळी लावून वाजवणारेही आहेत, पण ते आमच्या रांगेत.

सरकारी दंतवैद्याकडे नवीन नावं घेणं कधीचंच बंद आहे, म्हणून तो खासगीत गेला. तिथल्या बाईंनी टवका घासून गुळगुळीत केला आणि सांगितलं, हे असंच चाललं तर दोन्ही दात जातील. रात्री दातांवर घालायचं मापाचं कवच चारशे पौंडांना पडेल म्हणाल्या. क्लिफर्ड म्हणाला, विचार करतो. आमच्याकडे त्याचा अर्थ नाही असाच होतो.

तो रग्बीवाल्यांचं कवच घ्यायला निघाला होता. औषधाच्या दुकानातल्या बाईनं त्याला अडवलं. तेवढा जाड गोळा तोंडात घेऊन झोप यायची नाही, रात्री दात खाणाऱ्यांसाठी पातळ मिळतं, तेही स्वस्तच आहे, ते न्या म्हणाली. गरम पाण्यात मऊ करायचं आणि दातांवर दाबून बसवायचं. झोपण्याआधी जबड्याला गरम फडक्याचा शेक द्या आणि चारनंतर चहा नको, असंही तिनं सांगितलं. शेकाचं त्यानं मनावर घेतलं. चहाचं त्याला ऐकूच आलं नाही.

आठवड्याभरात जबडा इतका दुखायला लागला की बुधवारच्या तालमीत त्याचा वरचा सूर फाटला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. झालं होतं असं, की पाकिटावरच्या कागदात लिहिलं होतं, तोंड नेहमीसारखं मिटा. आता क्लिफर्डचं नेहमीसारखं म्हणजे कॉर्नेट ओठाला लावल्यासारखं, खालचा जबडा पुढे काढून. कवच तसंच बसलं, आणि गडी रात्रभर सोलोच्या तयारीत झोपायचा.

हे ध्यानात आलं ते बेरिलच्या. तिनं दुसरं पाकीट आणलं, कॉर्नेट पेटीत घालून पेटी खोलीबाहेर ठेवली आणि नवऱ्याला खुर्चीत बसवलं.

"पाद्री प्रवचन देत असतो तेव्हा तुझं तोंड कसं असतं? तसं ठेव."

त्यानं जबडा सैल सोडला. या वेळी कवच बरोबर बसलं.

रोज सकाळी ते धुवायचं काम बेरिलकडे आलं. महिनाभरानं चर्चच्या स्वयंपाकघरात सँडविच कापता कापता तिनं मला सांगितलं, की गुरुवारी सकाळी कवचावर खोल खुणा असतात, इतर दिवशी जेमतेम. बुधवारी तालीम असते. तिनं हे त्याच्यासमोर मांडलं आणि म्हणाली, कवच बापडं दात सांभाळतंय, बुधवारी तुला काय खातंय ते तू बघ. तिसऱ्या दिवशी त्यानं कबूल केलं, की तीन वर्षं झाली, सोलोतल्या त्या वरच्या सुराची त्याला भीती वाटते.

आमच्या बँडमध्ये पहिली खुर्ची कुणी सोडत नाही. ती काढून घेतात, नाहीतर माणूसच जातो. पुढच्या बुधवारी क्लिफर्ड सगळ्यांच्या आधी आला आणि त्यानं आपला स्टँड माझ्या शेजारी आणून ठेवला. आमचे बँडमास्तर ऑल्विन पिकल्स यांना ती थट्टा वाटली.

"रस्ता चुकलास का रे, क्लिफर्ड?"

"नाही, मास्तर. खुर्ची आणि दात, दोन्ही एकदम काही टिकत नाहीत. दात राहिले तर मागे बसून वाजवेन तरी."

मास्तरांनी सुरावटींचे कागद चाळायला घेतले. खुर्ची दुसऱ्या खुर्चीवरच्या मार्जरी होलरॉइडला मिळाली.

ईस्टरनंतर सातेक आठवड्यांनी व्हिटचा सण येतो, त्याच्या शुक्रवारी आम्ही दरवर्षीप्रमाणे गावोगाव वाजवत फिरलो. मार्जरीनं तो सूर अकरा गावांत अकरा वेळा घेतला, एकदाही फाटला नाही. त्या सुराच्या वेळी आमच्या मागच्या रांगेला विश्रांती असते, त्यामुळे क्लिफर्ड दर वेळी कॉर्नेट खाली धरून माझ्या शेजारी उभा होता. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी कवचावर एकही खूण नव्हती, बेरिल सांगत होती. उशी मात्र ओली होती. कवचामुळे लाळ गळते, असं त्यानं तिला सांगितलं, आणि तिनंही ते मान्य केलं.