माळकऱ्याचं हब

मोहाडीत दिलीपभाऊंच्या गॅरेजसमोर आम्ही पिकअपवाले नंबर लावून बसतो. भाडं येवो न येवो, किस्सा रोज येतो! त्यातले निम्मे पुढच्या चाकाच्या बेअरिंगचे. ते गेलं की गाडी घूंऽऽ करते. सगळ्या रस्त्याला ऐकू जातं, फक्त मालकाला नाही.

*

बपेऱ्याचे एक शेठ आले. दिलीपभाऊंनी जॅक लावून चाक हलवलं आणि बेअरिंग गेल्याचं सांगितलं. शेठना काही पटेना. आवाज जावा म्हणून त्यांनी आधी टायर बदलले होते, मग गाडी नीट चालवत नाही म्हणून ड्रायव्हर बदलला होता.

नवा ड्रायव्हर मागून हळूच म्हणाला, "भाऊ, माह्या आधी दोघं गेले."

*

खुद्द दिलीपभाऊंची गाडी तर विचारूच नका. दुनियेची बेअरिंगं बदलतात, पण स्वतःच्या गाडीत आवाज आला की गाणी मोठ्यानं लावतात. एकदा वहिनी शेजारी बसल्या. त्यांनी गाणं बंद केलं.

"गाडी दळण दळून राहिली, अन् तुम्ही गाणे काहून ऐकून राहिले?"

तेव्हापासून दिलीपभाऊ बेअरिंग बदललं की ट्रायलला मालकाऐवजी मालकिणीला बसवतात.

*

पण श्रावणभाऊंचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. ते आमच्यातले माळकरी. गाडीत फक्त भाजीपाला, मासोळीचं भाडं कधीच घेत नाहीत.

गेल्या साली मी सिहोऱ्याकडच्या तलावासाठी मासोळीची पिल्लं नेत होतो, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. सोबत मच्छीमार सोसायटीचा धनराज. मोहाडीतच चाक डगमगायला लागलं. दिलीपभाऊंकडे बेअरिंग होतं, पण ते ज्यात बसतं ते हबच झिजलेलं. नवीन भंडाऱ्याहून येईस्तोवर दुपार होणार. ऊन चढत होतं. पाणी तापलं की पिल्लं मरणार आणि सोसायटीचं अख्खं वर्ष बुडणार.

स्टँडवर दुसरी गाडी एकच, श्रावणभाऊंची. मी हात जोडले. ते म्हणाले, "माह्या गाडीत मासोळी चढत नाई गा." धनराज पिशव्यांवर ओलं पोतं टाकायला धावला.

श्रावणभाऊ उठले आणि स्वतःच्याच गाडीला जॅक लावायला लागले.

"दिलीप, माह्या गाडीचं हब काढ अन् याच्या गाडीले लाव. माळ माह्या गळ्यात हाय, चाकाच्या नाई."

त्यांचं टमाट्याचं भाडं गेलं. गाडी विटांवर उभी राहिली. आम्ही मात्र वेळेत तलावावर पोचलो.

दुपारून परतलो तर ते तिथंच बाकड्यावर बसलेले. चहाची टपरी समोरच. मी हबबद्दल बोलायला लागलो, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

"किती मेल्या गा?"

"एक पण नाई, भाऊ."

"मंग आता चहा सांग. सकाळपासून घेतलाच नाई."