बेदाण्यातला कॅप्टन

तासगावच्या बेदाणा सौद्यात, म्हणजे लिलावात, मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या, मग हसा!

लहानपणी माझ्याकडे एक अंतराळवीर होता. फौजेतल्या काकांनी सुट्टीवर येताना आणलेला, कुठल्याशा विज्ञानपटातला कॅप्टन! पांढराशुभ्र प्लास्टिकचा, हातात किरणांची बंदूक. तो सिनेमा आमच्या तालुक्यात कधी लागलाच नाही. म्हणून काय अडलं? कथा मीच रचली. द्राक्षबागेच्या मांडवाखाली आमच्या कॅप्टनने किती ग्रह जिंकले, विचारू नका! आणि अभिमानाने सांगतो, माझी पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, पण त्याचा एकही सांधा निखळलेला नाही.

फक्त बिचारा पिवळा पडला होता.

एक दिवस बालमित्र सलीम भेटला. आता तो बेदाण्याचा मोठा व्यापारी. म्हणाला, "गड्या, तुझा कॅप्टन हाय का रं अजून? उद्या सौदा झाला की घरी येतो बघायला."

झालं! लहानपणी ज्याच्यासाठी सलीम माझ्यामागे फिरायचा, तो कॅप्टन असा कावीळ झाल्यासारखा दाखवू? मला एक युक्ती सुचली. बेदाण्याला चांगला रंग यावा म्हणून आम्ही शेडमध्ये गंधकाची धुरी देतो. द्राक्ष काळं पडत नाही, मग प्लास्टिक का उजळणार नाही? शेडमध्ये नव्या मालाला धुरी द्यायचीच होती. कॅप्टनला जाळीवर द्राक्षांच्या मधोमध उभा केला.

"आवं, त्यो काय द्राक्ष हाय व्हय?" बायको, सुमन, म्हणाली.

"तू बघच!"

कॅप्टन बाहेर आला. उजळला होता का? मला तरी वाटलं. पण वास! जणू अख्ख्या गावाच्या दिवाळीचे फटाके त्याच्या पोटात फुटले होते.

"ह्यो घरात आला तर मी माहेरी जाते," सुमन नाक दाबून म्हणाली.

म्हणून वास जाईपर्यंत त्याला शेडमधल्या तयार बेदाण्याच्या खोक्यात पुरून ठेवला. शहाणपणाचंच काम, नाही का? दुसऱ्या दिवशी सौद्याला नमुना म्हणून नेमकं तेच खोकं उचललं. कोणी? दुसरं कोण असणार! मीच, गडबडीत.

सौद्यात माझं खोकं सगळ्यांसमोर उघडलं. सलीमने आत हात घातला आणि बंदुकीसकट कॅप्टन वर काढला.

"मालक, द्राक्षाचा मणी लय मोठा लागलाय की!" एक व्यापारी ओरडला. हशा पिकला.

सलीम मात्र हसला नाही. सदऱ्याने कॅप्टनचं तोंड पुसून म्हणाला, "त्योच हाय रं! बंदूक बी जाग्यावर! तुझा समदा माल घेतो गड्या, वर ह्यो दे."

सगळा माल एका दमात! वर्षभराचा घोर मिटला असता. पण माझी छाती फुगली.

"कॅप्टन विकायचा न्हाई!" असं ठणकावून मी उभ्या सौद्यात त्याचा इतिहास सुरू केला. काका, मांडव, सगळे ग्रह, एकूण एक!

शेवटचा ग्रह जिंकून मान वर केली, तर सगळे शेजारच्या शेतकऱ्याच्या खोक्याभोवती. सलीमसुद्धा!

"सौदा कुणासाठी थांबतोय व्हय रं!" तिथूनच तो ओरडला.

न विकलेलं खोकं आणि कॅप्टन घेऊन घरी आलो. सुमन दारातच.

"काय म्हणाले व्यापारी?"

"लय कौतुक केलं!"

"बेदाण्याचं?"

"कॅप्टनचं."

तिने माझ्याकडे बघितलं, कॅप्टनकडे बघितलं, आणि त्याला अलगद हातात घेतलं.

"पुढच्या सौद्याला ह्यालाच धाडा. ह्यो निदान तोंड मिटून उभा ऱ्हातो!"