जायफळाचे फोटो

आमच्या समोरच्या दारातल्या काकूंनी मला एकटीनं जेवढे धक्के दिले, तेवढे माझ्या सगळ्या नातेवाइकांनी मिळूनही दिले नसतील. काकू निवृत्त मुख्याध्यापिका. एका सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर काकू जिन्यापाशी फरशीवर पालथ्या पडलेल्या! मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरची माणसं पाण्याचा तांब्या घेऊन धावत वर आली. "श्श! कुणी हलू नका," काकू जमिनीवरूनच दटावत म्हणाल्या, "त्याची मिशी उन्हात आलीय." पुढ्यात त्यांचं मांजर, जायफळ, जांभई देत होतं आणि काकू मोबाइल फरशीला टेकवून त्याचे फोटो काढत होत्या.

"उभ्यानं काढला की नुसती पाठ येते," त्यांनी मला नंतर वर्गातल्या आवाजात समजावलं. "त्याच्या डोळ्याला आपला डोळा भिडायला हवा." फ्लॅशला त्यांच्या घरात बंदी. ऊन कडक असलं की मला खिडकीत पांढरी चादर धरून उभं करत. एकदा जायफळानं मान वळवावी म्हणून त्या उंदरासारख्या इतक्या हुबेहूब चिरकल्या, की चादर टाकून मीच खुर्चीवर चढले. पण फोटो काय यायचे! काळोखात एकच हिरवा डोळा, नाहीतर उन्हात पेटल्यासारखी शेपटी. बघतच राहावं.

गेल्या उन्हाळ्यात जायफळ हरवलं. आम्ही दोघी थेट पनवेलच्या मासळी बाजारापर्यंत शोधत गेलो. काकू भेटेल त्याला मोबाइल दाखवत होत्या. एका मासेवाल्या मावशीनं बराच वेळ फोटो सरकवले आणि म्हणाली, "बाई, यात डोला हाय, शेपटी हाय, पन अख्खी मांजर कुठं हाय? आमी वलखायची कशी?" काकूंनी पुन्हा सगळे फोटो चाळले. शेकडो फोटोंत एकात पूर्ण मांजर असेल तर शपथ! एवढी करारी बाई भर बाजारात तोंडाला पदर लावून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीमागून बारीकसं म्यांव ऐकू आलं. धुळीनं माखलेलं, घाबरलेलं जायफळ. मी ते उचलून खाली आणलं. काकूंनी त्याला छातीशी घेतलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. जिन्याच्या खिडकीतून उतरतीचं ऊन नेमकं त्या दोघांच्या तोंडावर आलं होतं.

"काकू, मोबाइल आणू तुमचा?"

"राहू दे गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माझे हात गुंतलेत."

मग मीही बाजूला बसून राहिले. ऊन हळूहळू भिंतीवर चढलं आणि गेलं.